अकॉमोडेशनमध्ये एम किती?

प्रश्न : डिचोली तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय २९. चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकल्या, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, पुढे पदवी. आता पणजीतल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर आहेत. पाहुण्यांशी इंग्रजीत बोलताना अडत नाही, पण लिहिताना हात थांबतो. शिफ्ट संपताना लॉगबुक हाताने लिहायचं असतं आणि ते पुढच्या शिफ्टचे सगळे वाचतात. मध्यंतरी त्यांनी मजकूर दिलेला एक फलक छापून लागला. त्यात ‘अकॉमोडेशन’मध्ये एकच एम होता आणि एका पाहुण्याने तो मॅनेजरला दाखवला. तेव्हापासून त्या रोज रात्री अवघड शब्दांच्या पुस्तकातले दहा शब्द प्रत्येकी वीसदा लिहितात आणि आठवड्याभरात विसरतात. त्या विचारतात : मराठी शाळेमुळे माझा पाया कच्चा राहिला का? इंग्रजी स्पेलिंगला नियमच नसतील, तर पाठांतराशिवाय दुसरा उपाय आहे का? क्लास लावू का? मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, तिचं असं होऊ नये म्हणून तिला सुरुवातीपासूनच इंग्रजी माध्यमात घालू का? सोबत लॉगबुकातल्या आपल्या चुकांची यादीही त्यांनी पाठवली आहे.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रापेक्षा ती यादीच जास्त बोलकी आहे. तिच्यातला एकही शब्द मुळापासून चुकलेला नाही. प्रत्येकात एकच जागा निसटते. कुठे एक अक्षर कमी पडतं, कुठे एक जास्त होतं, कुठे ए हवा तिथे ई येतो. ‘रिसीट’ या शब्दात सात अक्षरं आहेत. त्यातली सहा तुम्हाला येतात, फक्त पी राहून जातो. तोच शब्द वीसदा लिहिता तेव्हा सराव होतो तो येणाऱ्या सहा अक्षरांचा. शिवाय दुसऱ्यांदा लिहिताना डोळा वरच्या ओळीवर असतो. हात नक्कल करतो आणि डोक्याला काही आठवावं लागत नाही. पहिल्याच ओळीत चूक झाली असेल, तर ती पुढे एकोणीस वेळा पक्की होते. म्हणून ते पुस्तक आजच बाजूला ठेवा. मेहनत तुम्ही पुरेशी करता आहात, ती फक्त चुकीच्या जागी पडते आहे.

आता मराठी शाळेचं. इंग्लंडमध्ये जन्मलेली, घरात इंग्रजीच बोलणारी माणसंही ‘अकॉमोडेशन’, ‘सेपरेट’ आणि ‘डेफिनिट’ हे शब्द चुकतात. म्हणजे हे शब्द अवघड का आहेत याचं उत्तर तुमच्या चौथीपर्यंतच्या वर्गात सापडणार नाही. मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, हेही पूर्ण खरं नाही. चंद्र आणि चाक यांतले च वेगळे, जीवन आणि जाड यांतले ज वेगळे, पण अक्षर एकच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर चांगले शिकलेले लोकही करतात. लिपी आवाजापासून थोडी दूर गेली की काय करायचं, याची सवय तुम्हाला आधीपासून आहे.

उलट मराठीच्या तासाला शिकलेली एक गोष्ट इथे थेट उपयोगी पडते. व्याकरणात संधी शिकलात. सत् आणि जन मिळून सज्जन होतं, उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो. पहिल्या शब्दाचा शेवटचा त् पुढच्या व्यंजनासारखा होतो आणि जोडाक्षर तयार होतं. लॅटिनमध्ये नेमकं हेच घडतं आणि इंग्रजीतली निम्मी दुहेरी अक्षरं मला वाटतं याच वाटेने समजतात. ‘अकॉमोडेशन’ची फोड करा. सुरुवातीला ए-डी हा उपसर्ग. पुढे सी आल्यामुळे डी बदलून सी होतो, म्हणून ए-सी. मग दुसरा उपसर्ग सी-ओ-एम. मग मूळ शब्द एम-ओ-डी, आणि शेवटी ए-टी-आय-ओ-एन. जिथे जोड आहे तिथे अक्षर दोनदा येतं. पहिल्या जोडावर दोन सी, दुसऱ्या जोडावर दोन एम. आता यातला एम गाळता येणार नाही, कारण तो गाळला तर एक तुकडाच अपुरा राहतो.

याच उपसर्गामुळे ‘अरायव्हल’मध्ये दोन आर, ‘अकाउंट’मध्ये दोन सी, ‘असिस्ट’च्या सुरुवातीला दोन एस आणि ‘अ‍ॅड्रेस’मध्ये दोन डी येतात. ‘रेकमेंड’ मात्र नीट पाहा, तो तुमच्या यादीत दोन सी घेऊन आला आहे. आर-ई, सी-ओ-एम, एम-ई-एन-डी असे त्याचे तुकडे. आर-ई आणि सी-ओ-एम यांच्यामध्ये सी दुप्पट व्हायचं कारणच नाही, म्हणून सी एक आणि एम दोन. ‘डिसअपॉइंटेड’ म्हणजे डी-आय-एस अधिक ए-पी-पी-ओ-आय-एन-टी-ई-डी, तेव्हा एस एकच. ‘डिससॅटिस्फाइड’मध्ये डी-आय-एसला एसने सुरू होणारा शब्द लागतो, तेव्हा एस दोन. तक्रारीच्या नोंदीत हे दोन शब्द रोज लागतात.

दुहेरी अक्षर येण्याची दुसरी जागा शब्दाच्या शेवटी, ई-डी किंवा आय-एन-जी लावताना. एकाच ठोक्याचा, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा (एकाच सिलॅबलचा) शब्द असेल, एकच स्वर असेल आणि शेवटी एकच व्यंजन असेल, तर ते व्यंजन दुप्पट करायचं : ‘स्टॉप’चं ‘स्टॉप्ड’ करताना दोन पी, ‘प्लॅन’चं ‘प्लॅन्ड’ करताना दोन एन. डब्ल्यू, एक्स आणि वाय ही अक्षरं कधी दुप्पट होत नाहीत. इथवर बहुतेकांना येतं. गडबड होते ती दोन किंवा जास्त ठोक्यांच्या शब्दांत, कारण तिथे उच्चारातला जोर कुठे आहे हे पाहावं लागतं आणि मराठीत जोराला तेवढं महत्त्व नसतं. ‘प्रिफर’, ‘ट्रान्सफर’, ‘अकर’ (घडणे) हे क्रियापद म्हणून वापरताना ब्रिटिश उच्चारात जोर शेवटच्या ठोक्यावर पडतो, म्हणून ई-डी लावताना दोन आर. ‘ऑफर’, ‘ऑर्डर’, ‘व्हिजिट’, ‘डिपॉझिट’ यांत जोर आधीच पडून जातो, म्हणून अक्षर एकच. जोर कानाला कळत नसेल तर शब्दकोशात उच्चाराजवळ एक छोटी उभी रेघ असते. रेघेच्या लगेच पुढे जो ठोका येतो त्यावर जोर. एलचा मात्र अपवाद : ब्रिटिश लेखनात ‘कॅन्सल्ड’ आणि ‘ट्रॅव्हल्ड’ यांत जोर कुठेही असला तरी दोन एल, अमेरिकेत एक. ‘कॅन्सलेशन’मध्ये दोन्हीकडे दोनच.

मुका यू आणि मुका ई यांची भीती वाटते असं तुम्ही लिहिलं आहे. इथे गोव्यातल्या रस्त्यांवरच्या पाट्या पाहा. आपण सांगे म्हणतो आणि पाटीवर असतं एस-ए-एन-जी-यू-ई-एम. आपण केपे म्हणतो आणि पाटीवर क्यू-यू-ई-पी-ई-एम. शेवटचा एम पोर्तुगीज पद्धतीने स्वर नाकातून काढायला सांगतो. जीच्या मागचा यू मात्र वेगळं काम करतो. पोर्तुगीजमध्ये जीपुढे थेट ई आला तर त्याचा आवाज बदलतो, म्हणून मध्ये यू उभा करून ‘ग’ राखला जातो. इंग्रजीने फ्रेंचकडून हीच रीत उचलली. ‘गेस्ट’मध्ये जी-यू-ई-एस-टी असतं, ‘गाइड’मध्ये जी-यू-आय-डी-ई, ते यासाठीच. यू काढला तर वाचणारा ज वाचेल. ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘गर्ल’, ‘गिफ्ट’ असे थोडे रोजचे शब्द याला अपवाद आहेत, पण ते तुम्ही कधीच चुकत नाही.

उलट बाजूने ई अक्षर ‘ज’ राखतं. ‘चार्जेबल’ लिहिताना तुम्ही ‘चार्ज’चा ई काढून टाकला आहे. एरवी ते बरोबर असतं : ‘व्हॅल्यू’चं ‘व्हॅल्युएबल’ करताना शेवटचा ई जातो. पण ‘चार्ज’मधला ई गेला तर जीच्या पुढे ए येतो आणि ‘चार्गेबल’ असं वाचलं जातं. म्हणून शब्द जी-ईने किंवा सी-ईने संपत असेल आणि पुढे ए किंवा ओ येणार असेल तर ई राहू द्यायचा : ‘चेंजेबल’, ‘नोटिसेबल’.

जे अक्षर कानाला ऐकू येत नाही ते बहुतेकदा त्या शब्दाच्या भावंडांत ऐकू येतं. ‘रिसीट’मधला पी शोधायला तुम्हाला लांब जायला नको, तुम्ही ‘रिसेप्शन’वरच बसता. ‘साइन’मधला जी ‘सिग्नेचर’मध्ये वाजतो. ‘डेफिनिट’मध्ये आय की ए असा प्रश्न पडला तर ‘फिनिश’ आठवा, तिथे आय स्पष्ट ऐकू येतो. ‘सेपरेट’ आणि ‘प्रिपेअर’ एकाच लॅटिन क्रियापदातून आले आहेत, दोघांच्या पोटात पी-ए-आर आहे. ‘गव्हर्नमेंट’मधला एन ‘गव्हर्न’मध्ये असतो. ‘टू’ म्हणजे दोन, त्यातला डब्ल्यू ‘ट्वाइस’ आणि ‘ट्विन’मध्ये बोलतो. पाहुण्यांना ट्विन बेड देताना तो रोजच आठवेल. कुठल्याही शब्दापाशी अडलात तर आधी त्याची दोन भावंडं आठवायची, इतकी सवय लावून घ्या.

भावंडं एका बाबतीत फसवतात, तेही सांगते. ‘मेन्टेन’ आणि ‘मेन्टेनन्स’. क्रियापदाच्या शेवटी टी-ए-आय-एन आहे, पण नाम करताना मधला भाग टी-ई-एन होतो. ‘सस्टेन’चं ‘सस्टेनन्स’ होतानाही तसंच. ‘प्रोनाउन्स’मधला ओ-यू ‘प्रोनन्सिएशन’मध्ये नुसता यू उरतो. उच्चार बदलला की लेखनही बदललं आहे का, हे अशा वेळी पाहून घ्यायचं.

तुमच्या यादीतला एक गट मराठी लिहिणाऱ्यांचा खास आहे. ‘लगेज’, ‘शटल’, ‘कस्टमर’, ‘ब्रंच’ यांत तुम्ही यूच्या जागी ए लिहिला आहे. कारण उघड आहे : गणेश, कमल, पणजी ही नावं रोमन लिपीत लिहिताना आपण अ साठी ए वापरतो. इंग्रजी शब्दांत जोर असलेल्या ठोक्यावर तोच अ सहसा यू घेऊन येतो. काही शब्दांत ओ येतो आणि तो बहुधा एम, एन किंवा व्ही यांच्या शेजारी असतो : ‘मन्थ’, ‘मनी’, ‘कव्हर’ आणि तुमच्या ‘फ्रंट ऑफिस’मधलं ‘फ्रंट’. जुने लेखनिक यू, एम, एन, व्ही सगळे सारख्याच उभ्या रेघांनी लिहीत. वाचायला गोंधळ नको म्हणून तिथे ओ घालायची रीत पडली, असं याचं कारण सांगतात. व्ही आणि डब्ल्यू हाही आपलाच घोळ, कारण दोन्हींना मराठीत व. ‘व्हाउचर’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, ‘वेटर’ म्हणताना ओठ गोल होतात. शब्दकोशातला उच्चार ऐकून हे एकदा तोंडात बसवा.

‘आय आधी, ई नंतर, सीनंतर उलट’ हा नियम शाळेत सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि अर्धवट ऐकल्यामुळे बदनामही आहे. आवाज दीर्घ ई असेल तरच तो लावायचा. ‘बिलीव्ह’, ‘पीस’ म्हणजे तुकडा, ‘ब्रीफ’ यांत आय-ई. ‘रिसीव्ह’, ‘रिसीट’, ‘सीलिंग’ यांत सीमुळे ई-आय. ‘वेट’ म्हणजे वजन, ‘नेबर’, ‘एट’ म्हणजे आठ, यांत ए असा आवाज आहे, तिथे हा नियम लागूच नाही. दीर्घ ई असूनही मोडणारे ‘सीझ’, ‘प्रोटीन’, ‘कॅफीन’ असे शब्द तेवढे लक्षात ठेवले की पुरे.

इतकं करूनही काही शब्द उरतात, ज्यांना इतिहासाशिवाय कारण नाही. इंग्लंडमध्ये १४७६ साली छपाई सुरू झाली आणि हळूहळू लेखन गोठत गेलं, बोलणं मात्र बदलतच राहिलं. ‘नाइफ’मधला के एके काळी उच्चारला जायचा. हॉटेलातले ‘बुफे’, ‘रेस्टॉरंट’, ‘क्यू’ (रांग) हे फ्रेंच पाहुणे आपलं लेखन घेऊनच आले. अशांसाठी लिहिण्यापुरता एक खोटा उच्चार करा. मनात ‘बुफेट’ म्हणा, ‘वेड-नेस-डे’ म्हणा, ‘फेब-रु-अरी’ म्हणा. मोठ्याने बोलताना तो वापरायचा नाही, एवढं पाळा.

आता सराव कसा करायचा ते. लॉगबुकातून फक्त स्वतः चुकलेले शब्द घ्या, दिवसाला पाच, त्याहून जास्त नकोत. वहीत बरोबर शब्द लिहून फक्त धोक्याची जागा लाल पेनाने अधोरेखित करा आणि शेजारी कारण एका ओळीत मराठीत लिहा : ‘संधी’, ‘जोर शेवटी’, ‘भावंड रिसेप्शन’, ‘ज राखायला ई’. मग शब्द पाहा, तुकडे पाडून म्हणा, झाका, आठवून लिहा, उघडून अक्षर-अक्षर तपासा. चुकला तर मधलं अक्षर गिरवून दुरुस्त करू नका. अख्खा शब्द वाचता येणार नाही असा खोडा आणि बरोबर शब्द झाकून पुन्हा लिहा. चुकीचं रूप डोळ्यांसमोर राहिलं तर तेच ओळखीचं होत जातं. या कारणासाठी ‘चूक-बरोबर’ असे दोन रकाने असलेली पुस्तकंही टाळा. एकदा बरोबर आला की त्या दिवशी पुरे. तोच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी आठवून लिहा. थोडा विसरल्यावर आठवायला जो ताण पडतो तोच शब्द पक्का करतो. नुसता शब्द लिहिण्यापेक्षा लॉगबुकात येईल तसं वाक्य लिहिलंत तर कामावर तो लवकर हाताशी येईल.

फोनवरचं ऑटो-करेक्शन तुम्ही पूर्ण बंद केलं आहे. थोडं वेगळं करा. आपोआप शब्द बदलणारी सोय बंद ठेवा, पण चुकीच्या शब्दाखाली रेघ ओढणारं स्पेल चेक चालू ठेवा. रेघ दिसली की दुरुस्ती आधी स्वतः करून पाहा. कीबोर्डची भाषा इंग्रजीचं भारतीय किंवा ब्रिटिश रूप निवडा, नाही तर ‘कलर’, ‘सेंटर’, ‘कॅन्सल्ड’ यांवर फोन अमेरिकन रूप सुचवत राहील आणि तुम्ही उगीच गोंधळाल. शब्द खरा असून जागा चुकीची असेल तिथे स्पेल चेकचा भरवसा नाही. फुकट नाश्त्याच्या ‘कॉम्प्लिमेंटरी’मध्ये एलनंतर आय असतो. ई असलेला शब्द पूरक या अर्थाचा, ‘कम्प्लीट’चा भाऊ. मेनूतल्या गोड पदार्थाच्या ‘डिझर्ट’मध्ये दोन एस असतात. एक एस राहिला तर पाहुण्याला वाळवंट वाढलं जाईल.

क्लासबद्दल : इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासची तुम्हाला गरज नाही, बोलणं तुम्हाला येतंच. लेखनाचा क्लास असेल तर फी भरण्याआधी विचारा, माझं लिहिलेलं कोणी तपासणार का आणि चूक का झाली ते सांगणार का. उत्तर नाही असेल तर तुमची वही जास्त कामाची. दोन महिने वरच्या पद्धतीने करून मग ठरवा. तुम्ही मराठी सहज आणि शुद्ध लिहिता, म्हणून मला यात शिकण्याची वेगळी अडचण दिसत नाही. पण ज्या वाचकांची मुलं दोन्ही भाषांत अक्षरं उलटसुलट करतात, वाचतानाही फार अडखळतात, त्यांनी हा आळस समजू नये. शाळेच्या समुपदेशकांमार्फत तपासणी करून घ्यावी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे.

मुलीची शाळा स्पेलिंगवरून ठरवू नका. प्राथमिक शिक्षण मराठीत की इंग्रजीत, यावर गोव्यात घरोघरी वाद होतात आणि त्यात पाहण्यासारखं बरंच आहे : घरात कोणती भाषा बोलली जाते, शाळा किती लांब, पहिलीच्या शिक्षिका कशा, अभ्यास कोण घेणार. स्पेलिंग त्या यादीत फार खाली येतं. कुठल्याही शाळेत घातलंत तरी तिला शब्द तोडून पाहायला आणि त्यांची भावंडं शोधायला तुम्ही शिकवू शकाल.

राहिला फलक. काउंटरच्या आतल्या बाजूला रोज लागणाऱ्या तीस-चाळीस शब्दांचा एक कागद चिकटवा, नव्या मुलांनाही तो उपयोगी पडेल. पुढचा मजकूर छापायला जाण्याआधी शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे उलटा वाचा, म्हणजे डोळा अर्थावरून घसरत पुढे जात नाही आणि शब्द सुटा दिसतो. मग मॅनेजरना किंवा सहकाऱ्याला वाचायला देऊन कागदावर त्यांची सही घ्या. छापखान्याला मजकूर टाइप केलेलाच पाठवा, हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो नको, आणि आलेलं प्रूफ तुमच्या मूळ मजकुराशी अक्षर-अक्षर ताडून मगच होकार कळवा.